घरात नसलेला प्रिंटर

१९९५ साली साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक ४८६ संगणक होता, आणि आपल्याला लेझर प्रिंटर जोडलेला आहे असे त्या संगणकाला मी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात तसा प्रिंटर घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. संगणकाच्या मागच्या बाजूला प्रिंटरसाठी जी पंचवीस पिनांची खाच असते, तिच्यात मराठी फाँटांच्या पॅकेजचे कुलूप, म्हणजे ज्याला आम्ही डाँगल म्हणत असू ती काडेपेटीएवढी वस्तू, बसवलेली असे. ते कुलूप नसेल तर मराठी अक्षरे उमटत नसत. त्या कुलपाच्या पलीकडे, जिथे प्रिंटरची केबल लागायला हवी, तिथे काहीच नव्हते.

तरीही त्या संगणकावर मी चार वर्षे डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी पाने लावून देण्याची, कामे केली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची वार्षिके, आणि एक पुस्तिका, जिच्याविषयी हा लेख आहे. हे जमले ते विंडोज ३.१ मधल्या एका सोयीमुळे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रिंटरच्या खिडकीत जाऊन एचपी कंपनीच्या लेझरजेट ३ या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरच्या भाषेत हुकूम तयार करणारा प्रोग्रॅम, बसवायचा, मग तो प्रिंटर कोणत्या खाचेला जोडला आहे या प्रश्नाला एलपीटी१ (म्हणजे तीच मागची खाच) असे उत्तर न देता यादीत खाली असलेला ‘फाइल’ हा पर्याय निवडायचा. त्यानंतर पाने लावण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅममधून छापण्याची आज्ञा दिली, की एक छोटी चौकट उघडून फाइलचे नाव विचारी. नाव दिले की डिस्कचा दिवा लुकलुकत राही, आणि प्रिंटरच्या केबलमधून जे काही वाहत गेले असते ते सगळे, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत, त्या नावाच्या फाइलीत साठून राही. नावाच्या शेवटी आम्ही पीआरएन ही तीन अक्षरे लावत असू. ही फाइल फ्लॉपीवर घालायची, एसटीने पुण्याला न्यायची, आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या दुकानात खरा लेझरजेट ३ होता तिथे ती त्याच्याकडे सोडायची, हा आमचा शिरस्ता होता.

ही सोय विंडोजने नव्याने आणलेली नव्हती. डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये छापण्याची आज्ञा दिली की जे प्रश्न एकामागून एक विचारले जात, त्यांतला एक प्रश्न छपाई कागदाऐवजी डिस्कवरच्या फाइलीत हवी आहे का, हाच असे. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये छपाईच्या यादीत प्रिंटर आणि फाइल असे दोन पर्याय शेजारी शेजारी असत, आणि फाइल निवडली की तिला पीआरएन हेच आडनाव मिळे. ज्या प्रोग्रॅमांत ही सोय नव्हती त्यांच्यासाठी पीसी मॅगझिन या अमेरिकी नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला पीआरएन-टू-फाइल नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम होता. प्रिंटरला अक्षर पाठवताना बहुतेक प्रोग्रॅम संगणकाच्या बायोसमधल्या, म्हणजे त्याच्या चिपमध्ये कायमच्या बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममधल्या, एका ठरावीक सेवेला हाक मारत. हा प्रोग्रॅम स्मृतीत दडून बसे, ती हाक वाटेतच ऐके आणि आलेले अक्षर फाइलीत लिहून टाकी. जे प्रोग्रॅम बायोसला न विचारता थेट खाचेवर अक्षरे ठेवत, त्यांच्यापुढे मात्र त्याचा इलाज चालत नसे. डॉसच्या दृष्टीने प्रिंटर ही वस्तू मुळातच फाइलीसारखी होती. पीआरएन हे नावच प्रिंटरसाठी राखून ठेवलेले होते, आणि आजही विंडोज त्या नावाची साधी फाइल करू देत नाही.

पुस्तिका होती जात्यावरच्या ओव्यांची. माण तालुक्यात तीस वर्षे शिक्षकी केलेल्या एका गुरुजींनी सुटीच्या दिवशी वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या होत्या. वहीत पाचशेच्या वर होत्या. त्यांतल्या निवडून तीनशे काढल्या आणि निवृत्तीच्या पैशांतून पाचशे प्रती छापायचे ठरवले. डेमी आकाराची चौसष्ट पाने, म्हणजे एकेका तावावर छापले जाणारे सोळा पानांचे चार फर्मे. गुरुजी दर शनिवारी दहिवडीहून एसटीने येत, माझ्या शेजारी लाकडी खुर्चीत बसून पडद्यावरची ओवी मोठ्याने वाचत, आणि बाई जशी म्हणाली तशीच ती उमटली पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. ‘न्हाई’चे ‘नाही’ केलेले त्यांना एकदाही चालले नाही.

पीआरएन फाइलीत नेमके काय असते, हे मला त्या पुस्तिकेनेच शिकवले. ती फाइल लेख नसते. ती प्रिंटरला दिलेल्या हुकमांची साखळी असते, आणि बहुतेक हुकूम एस्केप या २७ क्रमांकाच्या बाइटने सुरू होतात. त्यामुळे ती विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत असते. एक उदाहरण मला अजून आठवते. लेझरजेटच्या पीसीएल भाषेत एस्केप आणि पुढे ई हे अक्षर याचा अर्थ ‘आधीचे सगळे विसर आणि नव्याने सुरुवात कर’ असा होतो, म्हणून माझी प्रत्येक फाइल याच दोन बाइटांनी सुरू होई. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला मात्र तेच दोन बाइट ‘आता ठळक छाप’ असे सांगतात. माझी फाइल कोणी चुकून एप्सनकडे सोडली असती, तर त्याने ठळक टायपात अर्थहीन चिन्हांची पानेच्या पाने ओकली असती. तेव्हा घरात नसलेला प्रिंटर कोणता, हे घरी बसूनच अचूक ठरवावे लागे.

आमच्या फाँटात आणखी एक अडचण होती. फाँटातली अक्षरे ठशांच्या रूपाने प्रिंटरकडे धाडली, तर वेलांट्या आणि रफार कधी कधी जागा सोडून पडत. मराठी अक्षर एकावर एक ठसे चढवून उभे राहते, एकापुढे एक ठेवून नव्हे, आणि त्यात केसभर फरक पडला तरी शब्द मोडल्यासारखा दिसतो. म्हणून ड्रायव्हरमध्ये फाँट चित्र म्हणून छापावा असा जो पर्याय होता तो मी निवडला. आता फाइलीत अक्षरे उरलीच नाहीत. उरले ते फक्त ठिपके. इंचाला तीनशे ठिपके, आणि आठ ठिपक्यांचा एक बाइट. सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच उंच अशा मजकुराच्या भागाचे २६ लाख ७७ हजार ५०० ठिपके होतात, म्हणजे सुमारे ३ लाख ३५ हजार बाइट. त्याच पानावरच्या ओव्या नुसत्या अक्षरांच्या रूपात ठेवल्या असत्या तर पावणेदोन हजार बाइट पुरले असते. जवळजवळ दोनशे पटींचा हा फरक. कोऱ्या जागा आणि पुन्हा पुन्हा येणारे बाइट आवळून ड्रायव्हर फाइल लहान करी, उरलेले काम एआरजे हा प्रोग्रॅम करी, जो मोठे गाठोडे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावतील असे तुकडे पाडून भरत असे. पानागणिक एक फाइल, ओव्ही०१ पासून ओव्ही६४ पर्यंत. सगळी पुस्तिका तीन फ्लॉप्यांत बसली.

मला तेव्हा खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापणाऱ्या, छापखान्याची आठवण होई. लहानपणी वडिलांबरोबर मी एका छापखान्यात जात असे, जिथे जुळारी खिळे जुळवून पाने लावी, आणि चार बाजूंनी पट्ट्या व पाचरी मारून फर्मा घट्ट आवळला की त्यातले एक अक्षरही हलत नसे. असा बांधलेला फर्मा कागदाची वाट पाहत भिंतीला टेकून ठेवलेला असे. माझ्या फ्लॉपीवरची पीआरएन फाइल म्हणजे मला तो बांधलेला फर्मा वाटे. त्यात काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. शाई आणि कागद मिळाला की ती तशीच्या तशी उमटणार होती. फरक इतकाच, की फर्मा सोडून एखादा खिळा बदलता येतो, आणि या फाइलीत बदलायला खिळाच नव्हता.

पुण्याच्या पहिल्या फेरीत ओव्ही०१ अर्ध्यावर थांबली. दुकानातल्या मुलाने कॉपीची आज्ञा देऊन फाइल एलपीटी१ कडे पाठवली, संगणकाने एक फाइल कॉपी झाल्याचे सांगितले, आणि प्रिंटर मात्र पान हातात धरून दिवा लावून बसून राहिला. मुलाने पुढची फाइल सोडली, तेव्हा पहिल्या पानावर आडव्या काळ्या रेघांचा एक पट्टा उमटला आणि दुसरे पान मध्येच कुठून तरी सुरू झाले. ज्यावरून पुढे छपाईची प्लेट करतात त्या ट्रेसिंग पेपरचे सहा ताव वाया गेल्यावर दुकानाचे मालक आत आले, आणि त्यांनी आज्ञेत कॉपीनंतर एक तिरपी रेघ व बी हे अक्षर घालायला सांगितले. त्यानंतर सगळी पाने सरळ बाहेर आली.

त्या एका अक्षराचे कारण मी नंतर शोधून काढले, कारण ते समजेपर्यंत मला चैन पडेना. डॉसच्या आधी सीपी/एम नावाची प्रणाली होती, आणि तिच्यात फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांतच मोजली जाई. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपतो हे कळावे म्हणून तिथे २६ क्रमांकाचा बाइट ठेवायचा रिवाज पडला. डॉसने १९८१ साली बाइटागणिक मोजमाप आणले, तरी तो जुना रिवाज सांभाळला. प्रिंटरसारख्या उपकरणाकडे कॉपी करताना डॉस समोरची वस्तू मजकूरच आहे असे धरून चाले, आणि २६ दिसला की इथे लेख संपला असे समजून थांबे. मजकुरात २६ सहसा येत नाही. ठिपक्यांच्या चित्रात मात्र आठ ठिपक्यांची कोणतीही मांडणी येऊ शकते, आणि तीन मोकळे, दोन काळे, एक मोकळा, एक काळा, एक मोकळा अशा कुठल्याशा वेलांटीच्या कडेवर २६ होऊन बसतो. त्यात भर म्हणजे पीसीएलमध्ये ठिपक्यांच्या प्रत्येक रांगेआधी पुढे किती बाइट येणार ते सांगितलेले असते. अर्ध्यावर तुटलेल्या रांगेचे उरलेले बाइट प्रिंटर पुढच्या फाइलीतून भरून घेतो, आणि तिचे सुरुवातीचे हुकूम चित्र समजून छापून टाकतो. बी हे अक्षर डॉसला एवढेच सांगत होते, की हे वाचू नकोस, फक्त पोहोचव.

पाने ट्रेसिंगवर निघाली, मी ती गुरुजींना दाखवायला परत घेऊन आले, आणि एक्केचाळिसाव्या पानावर गुरुजी थांबले. एका ओवीत ‘मांडीवर’ हा शब्द होता आणि माझ्याकडून ‘माडीवर’ असा पडला होता. सासरी नांदणारी बाई आईच्या मांडीवर डोके ठेवण्याची आठवण काढते, अशी ती ओवी. टिंब गेल्यामुळे ती आईच्या माडीवर जाऊन निजत होती. वाक्य व्याकरणाने बरोबर राहिले होते, म्हणून तीन मुद्रितशोधनांत ते कोणाच्या नजरेस आले नाही. गुरुजी रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, “अगं, तिच्या आईला माडी कुठली? दोन पत्र्यांखाली सगळा संसार होता तिचा.”

मी त्याच रात्री मूळ फाइलीत अनुस्वार दिला, ते पान पुन्हा फाइलीत छापले, आणि नाव दिले ओव्ही४१ए. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी ओळखीच्या माणसाबरोबर पुण्याला धाडली. पण तोवर पुण्यात ठेवलेल्या ट्रेसिंगच्या दुसऱ्या संचावरून प्लेटा तयार होऊन तिसरा फर्मा यंत्रावर चढला होता. प्लेट नव्याने करण्याचा खर्च गुरुजींना झेपणारा नव्हता. पुस्तिका छापून आली तेव्हा त्यांनी आमच्या घरी सतरंजीवर बसून, दोन दिवस, काळ्या शाईच्या बारीक पेनाने पाचशे प्रतींत एक्केचाळिसाव्या पानावर ‘मा’च्या डोक्यावर टिंब दिले. मी प्रती उघडून पुढे करीत होते आणि ते टिंब देत होते.

गेल्या वर्षी गुरुजींच्या नातीचा फोन आला. आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली, घरात पुस्तिकेची एकच प्रत उरली आहे, तीही वाळवीने खाल्लेली, तर ती पुन्हा छापता येईल का, असे तिने विचारले. मी तिला लगेच होकार दिला, कारण मूळ फाइली माझ्याकडे आहेत याची मला खात्री होती. एका जुन्या हार्ड डिस्कवरून दुसरीवर, तिथून सीडीवर, सीडीवरून पुन्हा डिस्कवर असे करत मी पेजमेकरच्या त्या फाइली जिवापाड सांभाळल्या होत्या.

त्या फाइलींनी मला दगा दिला. पेजमेकरची ती आवृत्ती आजच्या संगणकावर चालत नाही. एका जुन्या यंत्रावर ती चालवली, तर फाँट नव्हता. फाँट मिळाला, तर कुलूप नव्हते, आणि पंचवीस पिनांची खाचही नव्हती. पडद्यावर दिसत होती ती रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याच्या आधीच्या त्या काळात मराठी फाँटांच्या प्रत्येक पॅकेजने क्रमांकांच्या २५६ घरांत आपापल्या मर्जीने अक्षरे बसवली होती. ‘क’ चे घर एकाकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरे. या संकेतांतून युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, आणि काही पॅकेजांसाठी ती उत्तम चालतात, पण माझ्या फाँटातल्या जोडाक्षरांचा तुकडा जिथे येई तिथे त्या साधनांनी हात टेकले. ‘न्हाई’ तर कुठेच धड आले नाही.

मग मी माळ्यावरच्या डब्यातून त्या तीन फ्लॉप्या काढल्या. त्यांची मला आठवण नव्हती असे नाही. पण मूळ फाइल हाताशी असताना छापण्यासाठी केलेली फाइल कोण शोधतो? यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. पहिली आणि तिसरी फ्लॉपी पूर्ण वाचली गेली. दुसरीच्या चकतीवर बुरशीचे पांढरे डाग होते, आणि तिच्यातली सहा पाने गेली. बाकीच्या फाइली एआरजेने विनातक्रार सोडवून दिल्या. त्या घोस्टपीसीएल या प्रोग्रॅमकडे दिल्या, जो प्रिंटरच्या भूमिकेत बसून पीसीएलचे हुकूम वाचतो आणि कागदाऐवजी पीडीएफ तयार करतो. एका पानाला सेकंदही लागला नाही.

ओव्या पडद्यावर आल्या तेव्हा वेलांट्या जागेवर होत्या, रफार जागेवर होते, आणि ‘न्हाई’ जसेच्या तसे होते. फाँट लागला नाही, कुलूप लागले नाही, पेजमेकर लागला नाही. लेझरजेटची भाषा समजणारे कोणीतरी असणे, एवढीच त्या फाइलीची गरज होती, आणि १९९० साली लेझरजेट ३ बरोबर आलेली पीसीएल ५ ही भाषा समजणारे प्रिंटर आजही कार्यालयांत चालू आहेत. मी ज्याला अस्सल दस्तऐवज समजून इतकी वर्षे जपत आले, तो स्वतःहून एक पाऊल टाकू शकत नव्हता. आणि जी फाइल मी पुण्यापर्यंतच्या एका एसटी प्रवासापुरती केली होती, ती तीस वर्षे चालून आली होती. ज्या काळात मराठीला स्वतःची सर्वमान्य घरे नव्हती, त्या काळातले मराठी अक्षर चित्र होऊनच टिकले, असे मला त्या संध्याकाळी फार प्रकर्षाने वाटले.

त्याची किंमतही मला दिसत होती. या पानांत शब्द शोधता येत नाही, ओवी उचलून कोणाला पाठवता येत नाही. मोठे करून पाहिले तर अक्षरांच्या गोलाईला पायऱ्या दिसतात. नातीला हव्या असलेल्या नव्या आवृत्तीसाठी मी सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये हाताने पुन्हा टाइप करते आहे, रोज रात्री दहा, आणि शेजारी तीच पीडीएफ उघडी ठेवते. गेलेली सहा पाने वाळवी लागलेल्या प्रतीवरून उतरवली; त्यांतल्या दोन ओव्यांचे शेवटचे चरण मिळालेले नाहीत.

तिसऱ्या फ्लॉपीवर शेवटी एक सुटी फाइल होती, गाठोड्याबाहेर ठेवलेली. ओव्ही४१ए. तिची फ्लॉपी पुण्याला गेली तेव्हा मी एक नक्कल या फ्लॉपीवर उरलेल्या जागेत ठेवली असणार. ही फाइल आजवर कोणत्याही प्रिंटरकडे गेलेली नव्हती. मी ती पीडीएफ केली नाही. ज्या कार्यालयात मी काम करते तिथे पीसीएल समजणारा एक लेझर प्रिंटर आहे. साहेबांची परवानगी घेऊन, तो एलपीटी१ आहे असे संगणकाला सांगून, मी कॉपीची आज्ञा लिहिली, तिरपी रेघ आणि बी विसरले नाही, आणि फाइल सोडली.

पान गरम होते. घरी आणून ते मी वाळवीच्या प्रतीतल्या एक्केचाळिसाव्या पानाशेजारी ठेवले. गुरुजींचे टिंब कान्याच्या किंचित उजवीकडे, शाई थोडी फुटलेली. नव्या पानावरचे टिंब सात-आठ ठिपके रुंद, भिंगातून पाहिले तर कडा पायऱ्यांच्या. दोन्ही पानांवर ती बाई आता आईच्या मांडीवर होती. नव्या पानाची घडी न करता मी ते पुठ्ठ्यात घातले आणि शनिवारच्या दहिवडीच्या एसटीची वेळ पाहिली.